फणसावर सापडलेला माणूस

आमच्या बाबलमामांनी आयुष्यात एक भिंत रंगवलेली नाही, पण भिंत रंगवायचा रोलर घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. रोलर कोरा असतो आणि डब्यात नुसतं स्वच्छ पाणी. तो भिजवायचा आणि झाडाच्या खोडावर खालीवर फिरवायचा. पेडण्यात नवा आलेला माणूस थांबून विचारतो, "काका, रंग संपला काय?" मामा उत्तर देत नाहीत. तोंडावर मास्क असतो.

बाबलमामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा आणि आमचे शेजारी. डिचोलीच्या खाणीवरून निवृत्त झाले, मागोमाग मामी गेल्या, आणि शेतकऱ्यांच्या कुठल्याशा शिबिरात त्यांना हा रोलर भेटला. त्यांनी मला समजावलं ते असं : "किडो झाडावरसून चललो काय आपल्या आंगाचा कायतरी थंय ठेवन जाता. डोळ्यांक दिसना नाय, पण डीएनए ऱ्हवता." रोलर पिळायचा, ते पाणी गाळायचं आणि गाळणकागद पणजीच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. झाड वाळायच्या आधीच कळतं, कोण येऊन गेलं ते. हे काम आमच्या वाड्यावरच्या बायका खिडकीत बसून फुकट करतात, असं मी एकदा म्हणालो. मामा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा खरा वैरी म्हणजे परदेशी खोडकिडा. मोपाला विमानतळ झाला, हॉटेलं आली, हॉटेलांच्या बागांना कुठकुठली रोपं आली आणि त्यांच्याबरोबर हा पाहुणा. माझा मेहुणा दुबईहून आला तेव्हा मामांनी आधी त्याच्या बॅगेवर रोलर फिरवला आणि मग "बरो मां?" म्हणून विचारलं. आणि मला तर "हात लावू नको मेल्या!" हे इतक्यांदा ऐकावं लागतं, की हल्ली मी जेवणाच्या ताटालाही विचारून हात लावतो.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या हॉटेलच्या बागेत खोडकिडा खरोखरच सापडला. कुंपणालगतच्या प्रत्येक झाडाचा अहवाल मागवला गेला. ज्याचा स्वच्छ येणार नाही, ते तोडून जाळायचं. आणि कुंपणाला अगदी टेकून मामांचा फणस. दोन वर्षं धरला नव्हता, म्हणजे आधीच संशयित.

मामांनी नमुना पाठवला. प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळा वाडा ऐकतो.

"काका, ह्या नमुन्यात माणूसच माणूस आहे! त्याखाली किडा दबला असेल तर आम्हाला कसा दिसणार? आणखी एकदा पाठवा, पण ह्यावेळी स्वच्छ हवा. नाहीतर झाड वाचणार नाही."

मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू शिंकलंस."

"मामा, मी तेव्हा सावंतवाडीला होतो."

"मगे थंयसून शिंकलंस."

बायकोनेही मामांचीच बाजू घेतली. "तुमचे केस गळतात," ती म्हणाली. गळायला आहेत कुठे? तरी दुसरा नमुना घेईपर्यंत मला मागच्या दाराने ये-जा करायचा हुकूम झाला.

नमुन्याच्या आदल्या दिवशी अमावास्या होती. पहाटे मागच्या दाराने बाहेर पडलो, तर आमच्या नि मामांच्या मधल्या कुंपणापलीकडून आरडाओरडा. डोकावलो. मामा उघडेबंब, हातात उगारलेला कोयता, समोर फणस.

"दोन वर्सां झाली! एक फणस नाय! आज तोडतंय तुका!"

न धरणाऱ्या झाडाला असं घाबरवायची आमच्याकडे जुनी रीत. एकाने कोयता उगारायचा, दुसऱ्याने झाडाला मिठी मारून गयावया करायची. माणसं दोन लागतात, आणि मामी तर गेल्या. मामांनी कोयता खाली ठेवला, फणसाला वळसा घालून पलीकडे गेले आणि दोन्ही हात पसरले. प्रयोगशाळेला सापडलेला माणूस मला तेव्हा सापडला.

"मामा! हात लावू नका!" मी ओरडलो.

मामा तसेच, हात पसरून उभे.

"अरे, मगे 'नको' कोण म्हणतलो?"

मी कुंपण ओलांडलं, झाडापासून चांगला लांब उभा राहिलो आणि मास्कऐवजी तोंडावर टॉवेल धरला. मामांनी परत कोयता उगारला.

"नको वो, तोडू नको. फुडच्या वर्साक धरतलो."

"असा नाय! रडान सांग. ती रडायची."

मी रडलो. इतका, की पावांची सायकल घेऊन आलेला पोदेर फाटकात थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलो?"

दुसऱ्या दिवशी नमुना गेला. पुढे फोन आला, तोही सगळ्या वाड्याने ऐकला. "काका, किडा नाही. आणि ह्यावेळी माणूसही नाही!" मामांनी त्या पोदेराचे उरलेले सगळे पाव विकत घेतले आणि घरोघर वाटले. मला चार दिले. संशयिताची भरपाई.

संध्याकाळी ते पायरीवर बसले होते. कोयता मांडीवर.

"तिका दर खेपेक खराच वाटायचा, मी तोडतलंय म्हणान," ते म्हणाले. "खरीच रडायची ती. आणि ह्या कोयत्याक मी कधी धार लावूकच नाय. ता तिका सांगूचा ऱ्हवला."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी विचारलं,

"फुडल्या आवसेक येतलंस मां?"

"येईन की."

"मगे रडूक शिकान ये."