कुमगारनचे नामवंत प्रोबर्ट

माणसाला नाव देतात ते तो इतरांपासून वेगळा ओळखता यावा म्हणून, असं शहाणे लोक सांगतात. हे शहाणे लोक आमच्या कुमगारनला कधी आलेले नसावेत. वेल्सच्या या खोऱ्यात माणसाला नाव देतात ते तो बाकीच्यांसारखाच आहे, याची सगळ्यांना खात्री पटावी म्हणून. माझ्या लहानपणी सरकारी शिरगणती झाली, तेव्हा पाद्री आणि पाद्रीणबाई सोडून सगळं गाव प्रोबर्ट निघालं. (ते दोघं हॉवेल्स. आम्ही त्यांना त्यावरून कधी कमी लेखलं नाही.) शिरगणतीचा कारकून दुपारपर्यंत टिकला. मग आमच्या ओट्यावर बसून त्याने पाणी मागितलं आणि आईला विचारलं, "बाई, खरं सांगा, ही कुणी थट्टा तर करत नाही ना माझी?"

मी स्वतः प्रोबर्टांच्या घरी जन्मले आणि प्रोबर्टांच्याच घरी दिली गेले, त्यामुळे लग्नाने माझ्या सहीला काहीही झालं नाही. बदललं ते टोपणनाव. वडिलांची भट्टी होती म्हणून माहेरी मी पाव होते. नवरा पोस्टमन निघाला म्हणून सासरी टपाल झाले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, टपालाची लाल सायकलही गेली, पण मी अजून टपालच आहे. आमच्याकडे टोपणनाव निवृत्त होत नाही.

या टोपणनावांचे काही नियम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत, म्हणून ते कुणी मोडत नाही. टोपणनाव गाव देतं. ते मागता येत नाही आणि परतही करता येत नाही. ते कर्तृत्वावर मिळतं असंही नाही. इद्रिस प्रोबर्टला सगळे इद्रिस घोडा म्हणतात, पण त्याच्या घराण्यात घोडा कधी नव्हता. त्याच्या पणजोबांनी जत्रेत एक विकत घेतला होता आणि संध्याकाळच्या आत परत केला होता. एरवेन प्रोबर्टला एरवेन छत्री म्हणतात, कारण तिची आजी एकदा कडक उन्हात छत्री घेऊन निघाली होती. (आमच्याकडे कडक ऊन हीच मुळात लक्षात राहण्याजोगी गोष्ट.) आणि माणूस गेला की चॅपेलच्या आवारात त्याच्या दगडावर हे नाव कोरलं जातं. इलाजच नाही. नुसतं 'प्रोबर्ट' लिहिलं तर फुलं कुठे ठेवायची?

अशा या सुव्यवस्थित गावात एकच माणूस बिनटोपणनावाचा होता. एम्लिन प्रोबर्ट. निदान त्याची स्वतःची तशी समजूत होती.

एम्लिन पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होता. दगडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण तसे हात खाणीत पुष्कळ होते. लग्न केलं नाही. आई गेल्यावर एकटाच राहिला. माझा नवरा सांगायचा, की पाकिटावर नुसतं 'प्रोबर्ट, कुमगारन' असेल तर ते एम्लिनला द्यायचं, अशी टपालखात्याची पद्धत आहे. त्यामुळे त्याला भलत्यांची पत्रं फार येत. तो सगळ्यांना उत्तरं लिही. एकदा कार्डिफच्या एका बाईने कुणा प्रोबर्टशी लग्न मोडल्याचं कळवलं होतं. एम्लिनने तिला लिहिलं, की तुमचा निर्णय मला मान्य आहे, तब्येतीला जपा.

टोपणनाव मिळावं म्हणून त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. मिशा वाढवल्या. गावाने पाहिल्या. बारा महिने तेरा काळ पिवळा मफलर घालून हिंडला. गावाने 'सर्दी आहे का' विचारलं. शेवटी त्याने एक बदक पाळलं आणि दोरी बांधून ते दुकानात, पोस्टात, चॅपेलच्या दारापर्यंत नेऊ लागला. आता मात्र गावाने दखल घेतली आणि वर्षभरात टोपणनाव दिलं. ते बदकाला मिळालं. त्याला सगळे 'बिशप' म्हणू लागले.

असं सगळं चाललं असताना, पलीकडच्या खोऱ्यातल्या बेनन लोकांनी त्यांच्या सभागृहात एक फलक लावला. वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'नामवंत बेनन'. खाली नावं होती. एक मुष्टियोद्धा, एक शल्यविशारद, दोन न्यायाधीश आणि अर्जेंटिनात मेंढ्या नेणारा एक. आमची मंडळी तो फलक बघून आली आणि रात्री कुणी नीट जेवलं नाही.

ताबडतोब समिती नेमण्यात आली. अध्यक्ष इद्रिस घोडा, कारण त्याच्याकडे खुर्च्या होत्या. चिटणीस मी, कारण माझं अक्षर वाचता येतं. सदस्य एरवेन छत्री, कारण तिला घेतलं नसतं तर जे झालं असतं ते टाळायचं होतं. निरीक्षक म्हणून पाद्री हॉवेल्स, जुन्या पाद्रींचे चिरंजीव. समितीने जगभरातले नामवंत प्रोबर्ट शोधले. पुष्कळ सापडले. पण चौकशीअंती त्यांतल्या एकाचाही कुमगारनशी संबंध निघाला नाही, आणि दुसऱ्यांच्या प्रोबर्टांनी आपली भिंत सजवायची हे आमच्या स्वाभिमानात बसेना.

तेव्हा इद्रिसने मूलभूत प्रश्न मांडला. "नामवंत म्हणजे कोण रे? ज्याचं नाव काढल्यावर 'कोण तो?' असं कुणी विचारत नाही, तो. बरोबर?"

"बरोबर," पाद्री म्हणाले.

"मग इद्रिस घोडा म्हटल्यावर कुमगारनमध्ये 'कोण तो?' असं कोण विचारतं?"

या व्याख्येनुसार छाननी केली असता सगळं गाव नामवंत ठरलं. समितीला याचं आश्चर्य वाटलं नाही. इतके नामवंत एका खोऱ्यात असताना बेनन लोक पाच जणांवर समाधान मानतात, याची उलट कीव आली. बिशपबद्दल थोडी चर्चा झाली. एरवेनचं म्हणणं, ते बदक आहे. इद्रिसचं म्हणणं, ते प्रोबर्टांच्या घरचं आहे आणि 'कोण तो?' असं कुणी विचारत नाही. नियम म्हणजे नियम. बिशपचं नाव घेण्यात आलं.

फलक आमच्याच खाणीतल्या दगडाचा करायचा ठरलं. एवढा मोठा सलग, सरळ पापुद्रा काढू शकेल असा हात आता एकच उरला होता. एम्लिनने आठवडाभर खपून तो काढला, घासला, पाण्यासारखा गुळगुळीत केला. मी त्याला चहा आणि मनुकांचा पाव घेऊन गेले तेव्हा तो त्यावरून तळहात फिरवत होता.

"सगळ्यांची नावं येणार म्हणे," तो म्हणाला.

"येणार."

"बिशपचं?"

मी चहा ओतत राहिले.

"मला फलकाचं काही नाही गं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, हृदय आता रविवारच्या पाहुण्यासारखं झालंय, कधीही उठून जाईल म्हणून. त्याचंही काही नाही. पण मेल्यावर मी कोणता प्रोबर्ट म्हणून झोपायचं? आईला शोधायला लागलो तर ती तरी कशी सापडणार मला?"

मी तडक इद्रिसकडे गेले आणि समितीची बैठक बोलावली.

आता इथे एक खुलासा करणं भाग आहे. एम्लिनला टोपणनाव होतं. गावाने ते फार पूर्वी, तो विशीत असताना दिलं होतं. फक्त त्याच्या तोंडावर ते कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

आमच्या चॅपेलची रीत अशी, की गीत चांगलं लागलं तर शेवटचं कडवं पुन्हा म्हणायचं. सुरुवात कुणी करायची हे ठरलेलं नसतं. कुणीतरी करतं आणि मग सगळे आपापल्या सुरात शिरतात. एम्लिनच्या आईच्या प्रेतयात्रेच्या दिवशी गीत संपलं, पाद्रींनी पुस्तक मिटलं, उचलणारे पुढे झाले, आणि एम्लिनने शेवटचं कडवं पुन्हा सुरू केलं. सगळे गायले. उचलणारे पुन्हा पुढे झाले. त्याने पुन्हा सुरू केलं. गीत चालू आहे तोवर शवपेटी हलवायची नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे आम्हाला माहीत होतं. किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. बाहेर अंधारायला लागलं. शेवटी त्याचा आवाज बसला, तेव्हा कुठे ती माउली बाहेर पडली. त्या दिवसापासून तो 'एम्लिन पुन्हा' झाला. पण अशा दिवशी मिळालेलं नाव तोंडावर कसं घ्यायचं? म्हणून आम्ही ते पाठीमागे घेत आलो, आणि तो खोलीत शिरला की हवापाण्याचं बोलायचो.

"साठ वर्षं आख्खं गाव एक नाव घेतंय आणि त्याला एकदाही ऐकू गेलं नाही," इद्रिस म्हणाला. "याला म्हणतात शिस्त."

"याला म्हणतात बावळटपणा," एरवेन म्हणाली. "आणि फलकावर कोरल्यावर तो विचारेल 'कधीपासून?', तेव्हा उत्तर तू देणार आहेस, घोड्या?"

"अध्यक्षाने बोलायची पद्धत नाही."

"मग त्याचं न कोरता नुसतं बदकाचं कोरा. तो ते घरी जाऊन त्या बदकाला सांगेल. छान दिसेल."

पाद्री हॉवेल्स म्हणाले, "माफ करा, पण त्याला आधी सांगितलं तर?"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस चांगला, पण बाहेरचा.

नाव कोरायचं, असं दोन विरुद्ध शून्य मतांनी ठरलं. (अध्यक्ष त्या वेळी खुर्च्या मोजत होते.) कोरणारा मुद्दाम दूरच्या शहरातला शोधला.

अनावरणाला सगळं गाव आलं. बेनन लोकांना आमंत्रण दिलं होतं, आणि आले त्याबद्दल आम्ही त्यांना मागच्या रांगेत बसवलं. गीत झालं, पडदा ओढला. इद्रिस नावं वाचू लागला. बिशपच्या नावाला बेनन लोकांनी आदराने टाळ्या वाजवल्या, त्यांना खरा बिशप वाटला. मग इद्रिस थांबला, पाणी प्यायला आणि कागदाकडे न बघता म्हणाला, "एम्लिन पुन्हा."

एम्लिनने आधी मागे वळून पाहिलं, असा कोण आहे म्हणून. मग तो उठला, फलकाजवळ गेला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

इद्रिस खुर्च्या मोजू लागला. "आईच्या दिवसापासून," शेवटी मीच म्हणाले.

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं, बाबा."

"नाव नाही म्हणून साठ वर्षं वाटतच होतं की," तो म्हणाला. त्याचा आवाज मुळीच चढला नव्हता. ते फार कठीण गेलं आम्हाला.

पाद्रींनी घाईघाईने समारोपाचं गीत काढलं. आम्ही कधी नव्हे इतके वाईट गायलो. गीत संपलं, पुस्तकं मिटली, लोक चहाकडे वळले. तेवढ्यात फलकाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एम्लिनने शेवटचं कडवं पुन्हा सुरू केलं. पातळ, म्हातारा आवाज, पण सूर बरोबर. एरवेनने हातातला कप खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. चहा गार झाला. बेनन लोकांची शेवटची बस निघून गेली, आणि त्यांनीही गायला सुरुवात केली.

पुढच्या वसंतात एम्लिन गेला. दगडावर काय कोरायचं याची चर्चा झाली नाही. तो आईच्या शेजारी आहे. सापडायला अगदी सोपा.

हे सगळं योग्यच झालं. फक्त तेव्हापासून गावाची झोप उडाली आहे. फलकावर आहेत ती बाकी सगळी तोंडावरची नावं. एम्लिनला पाठीमागचं नाव साठ वर्षं होतं आणि त्याला पत्ता नव्हता, तर मग आपलं काय, असं प्रत्येकाच्या मनात आलं. इद्रिस घोड्याला पाठीमागे काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एरवेनलाही काय म्हणतात ते ठाऊक आहे, पण मी इथे लिहिणार नाही, ती वाचते. मला तसलं काही नाव नाही. मी खात्री करून घेतली. चारचौघांत विचारलं, तर सगळे एका आवाजात म्हणाले, "छे, तुला कुठलं?" आणि कुणीतरी पावसाचा विषय काढला. कुमगारनमध्ये याआधी इतकं एकमत कधी झालेलं नाही.

तुम्ही हसताय, ते बरोबर आहे. तुमच्याकडे असलं काही नसतं. तुम्हाला एकच नाव आहे आणि ते सगळे तुमच्या तोंडावर घेतात. तरीही उद्या तुम्ही कचेरीत किंवा सासरच्या बैठकीत शिरलात, चाललेलं बोलणं क्षणभर थांबलं आणि कुणी फार आपुलकीने विचारलं, की काय हो, बाहेर पाऊस आहे का, तर सरळ उत्तर द्या आणि बसा. विचारू नका. तुमची माणसं चांगली असतील, तर फलकावर कोरतील.