छाटणीचा मांडव

गोपीचंदांनी अंगणातल्या गुलाबाला पहिली कात्री लावली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तो गुलाब नव्हताच. तिथे माघ महिना होता. अंगणात वऱ्हाड बसलं होतं, त्यांची एकुलती एक रुखमा बाशिंग बांधून उभी होती, दोन्ही बाजूंना लालभडक गुलाब डुलत होते आणि आंबागडचे केशवराव, म्हणजे मुलाचे वडील, फुलांकडे बघून मान डोलावत होते. प्रत्यक्षात केशवरावांनी अजून होकारच दिलेला नव्हता. दसऱ्याआधी ते मुलगी बघून गेले होते, "मंडई झाल्यावर सांगतो" म्हणाले होते, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा उरकल्यावर, आणि त्यांच्या इश्वरला इतर ठिकाणच्याही मुली सांगून येत होत्या. पण एवढ्यातेवढ्यासाठी स्वप्न अडवून धरणाऱ्यांपैकी गोपीचंद नव्हते.

सिहोऱ्यात त्यांचं किराणा दुकान होतं आणि ते चालतं कसं, हे गावाला कोडंच होतं. तराजूत डाळ ओतता ओतता ते मनाने कुठेतरी निघून जात आणि गिऱ्हाइकाने "बस जी, बस" म्हटल्याशिवाय परत येत नसत. त्या वर्षी त्यांनी नवाकोरा ट्रान्झिस्टर घेतला होता. दिवाळी सरली, पहाटे धुकं उतरू लागलं, शेतातल्या पिकल्या धानाच्या बांध्या त्यात बुडून जाऊ लागल्या, आणि अशाच एका संध्याकाळी रेडिओवरचे गृहस्थ म्हणाले, थंडीच्या तोंडावर बागेतल्या जुन्या झाडांची छाटणी करा, म्हातारं लाकूड काढून टाका, म्हणजे हिवाळ्यात नवी फूट येते. गोपीचंदांना वाटलं, हे सगळ्या जगाला नाही, आपल्यालाच सांगितलं.

गुलाबानंतर जास्वंद झाली. मग कण्हेर, मधुमालती आणि मेंदीचं कुंपण. हात चालत होता, मन माघात होतं. सगळं भुंडं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कोपऱ्यातल्या जांभळीची सावली गुलाबांवर पडते आणि नव्या फुटीला ऊन मिळणार नाही. म्हणून त्यांनी जांभळीच्या खालच्या फांद्याही उतरवल्या. दुपार झाली. भुंड्या खुंटांवर रणरणतं ऊन पडलं आणि गोपीचंदांचा जीव कळवळला. त्यांनी अंगणात चार बांबू रोवले, वर आडवे बांधले आणि ज्या फांद्या ऊन यावं म्हणून तोडल्या होत्या, त्याच सावली व्हावी म्हणून वर टाकल्या. मग त्या हिरव्या, कोवळ्या वासाच्या सावलीत बसून त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

सत्यवतीबाई घाटावरून धुणं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय करून ठेवलं जी? अंगण का न्हाव्याच्या हाती देल्लं होतं?"

"छाटणी केली. माघात पाहाशीन तू."

"अन तुळस कुठी गेली?"

वृंदावनात वीतभर खुंट उभा होता. गोपीचंदांनी त्याच्याकडे अपराधी नजरेने पाहिलं. "जून झाली होती वो. लाकूड झालं होतं तिचं."

"येत्या बारशीले तिचं लगन, अन तुमी नवरीचे केस कापले?" सत्यवतीबाईंनी धुण्याची बादली तिथेच आपटली आणि त्या घरात गेल्या. त्या दिवशी गोपीचंदांना भाजीत मीठ मिळालं नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता त्या मुलखाची रीत अशी, की अंगणात बांबू रोवून वर जांभळीच्या डहाळ्या टाकल्या, की त्याचा अर्थ एकच. घरात लग्न आहे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या चंद्रभागाबाई शेण घेऊन चालल्या होत्या, त्या कुंपणाशी थांबल्या. कुंपण आता गुडघाभरच उरलं होतं, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं.

"काहो भाऊ, मांडव टाकला?"

गोपीचंद ओट्यावर चहाच्या वाफेकडे बघत होते. वाफ धुक्यात मिसळत होती आणि त्यातून माघातले गुलाब वर येत होते. त्यांनी मान हलवली.

"तुळशीच्या लगनाआधी? एवढी कायची घाई झाली बाप्पा?"

त्यांनी पुन्हा मान हलवली.

"मंग पोरगा कुठचा?"

या प्रश्नालाही त्यांनी मानच हलवली. चंद्रभागाबाईंच्या हातून शेणाची पाटी पडता पडता राहिली. ज्या बापाला आपला जावई कुठला तेही सांगवत नाही, त्याच्या घरी काय घडलं असेल, याचा विचार त्यांनी विहिरीपर्यंत केला आणि विहिरीवर तो सगळ्यांना वाटून टाकला.

त्यात नेमकी गावची मंडई. रात्रीची दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, बघायला आजूबाजूच्या गावांतून पाहुणे आलेले, घरोघरी पोहे भिजलेले आणि बोलायला हा ताजा विषय. दुपारी कुंभारीण रंभाबाई दारात येऊन "लगनाचे करे-गाडगे कवा आणू?" म्हणून विचारून गेली. वाजंत्रीवाला अंगणातून एकदा उगाच पिपाणी वाजवून गेला. संध्याकाळी रुखमा रिकामी घागर घेऊन रडतच परत आली.

"बाबा, पोरी मले इचारून राहिल्या, कोनासंग चोरून लगन लावून राहिले म्हणून. अन मंडईले आंबागडचे लोकं आले आहेत."

इश्वर आपल्याला आवडला, असं रुखमाने कोणाला सांगितलं नव्हतं. पण तो बघून गेल्यापासून तिकडची बस यायच्या वेळेला तिला हटकून पाणी आणायचं असायचं, आणि हे आईला कळल्यावाचून राहतं थोडंच. सत्यवतीबाई लेकीला जवळ घेऊन नवऱ्याकडे फक्त बघत राहिल्या. ते बघणं गोपीचंदांना थेट माघातून कार्तिकात घेऊन आलं. आपल्या चार बांबूंपायी पोरीचं ठरता ठरता मोडतं आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरलं. ते धावत जाऊन डहाळ्या ओढायला लागले.

"हां हां हां! काय करून राहिला?" पलीकडच्या ओट्यावरून दादाजी ओरडले. दादाजी म्हणजे गल्लीतलं सगळ्यांत म्हातारं माणूस. रीतीभाती त्यांच्याकडून विचारून घ्यायच्या. ते काठी टेकत आले. "उभा मांडव रिकामा उतरवत नाई. पोरीच्या नशिबाले लागते."

"पन दादाजी, हा मांडव नोहोय! गुलाबाले सावली केली."

"तुले गुलाब दिसते, देवाले मांडव दिसते. याच्या खाली लगन लागलं पाहिजे. कोनाचं बी लागो."

"कोनाचं लावू?"

"बारस आहे नं परवा? तुळशीचं लाव. सगळ्या गल्लीले बोलाव. लोकायले समजन मांडव कायचा होता, अन देवाचं बी काम होईन."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मग सगळ्यांच्या नजरा वृंदावनातल्या वीतभर खुंटाकडे वळल्या.

नवरी अखेर चंद्रभागाबाईंकडून आणावी लागली. त्यांची तुळस कमरेएवढी, डेरेदार, आणि ती द्यायला त्या तयारही होत्या. पण तुळस आमची म्हणजे आम्ही मुलीकडचे, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. बाळकृष्ण गोपीचंदांच्या देव्हाऱ्यातला, म्हणून ते मुलाकडचे. पितळी देवाला नवीन शेला नाही, म्हणून चंद्रभागाबाई रुसल्या. बसायला सतरंजी जुनी दिली, म्हणून पुन्हा रुसल्या. "आमची पोरगी का फुकटची आली आहे?" असं त्या कमरेवर हात ठेवून विचारत होत्या, आणि जिने हे सगळं विहिरीवर नेलं होतं, तिचीच सत्यवतीबाईंना गूळ-पाणी देऊन मनधरणी करावी लागत होती.

बारशीच्या संध्याकाळी अंगण भरून गेलं. गोरजाची धूळ सोनेरी होऊन डहाळ्यांतून खाली झिरपत होती, धानाचा गोडसर वास येत होता, बायका तुळशीच्या नावाने हळूच काही गुणगुणत होत्या. रुखमा लाह्यांचं ताट घेऊन दाराआड उभी होती. तिला गल्लीत तोंड दाखवायला नको वाटत होतं. दादाजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि गोपीचंदांची नजर एका छाटलेल्या गुलाबावर गेली. खुंटाच्या बगलेतून एक लाल, ओलसर कोंब निघाला होता. ते सगळं विसरून त्याच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात बाहेर बैल जुंपलेलं खाचर थांबलं आणि पटका सावरत केशवराव धावतच आत शिरले. मंडईहून परतलेल्या पाहुण्यांनी आंबागडला काय ते सांगितलं होतंच. समोर मांडव, माणसं, अंतरपाट बघून त्यांचा तोल सुटला.

"बंद करा हे! पोरगी आमची आहे! मी सांगतो म्हनलं होतं, नाई म्हनलं होतं काय? माह्या इश्वरानं घरी जेवण सोडलं! हिचं लगन दुसऱ्यासंग मी होऊ देनार नाई!"

मंगलाष्टकं थांबली. दादाजींनी शांतपणे अंतरपाट खाली घेतला. एका बाजूला झेंडूची मुंडावळी बांधलेली तुळस होती, दुसऱ्या बाजूला बोटभर पितळी बाळकृष्ण. दाराआडून लाह्यांचं ताट खाली पडल्याचा आवाज आला.

अख्खी गल्ली आता गोपीचंद काय म्हणतात याची वाट पाहत होती. गोपीचंद पुढे झाले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "केशवराव, जरा पाय उचला. तुमच्या पायापाशी कोंब आहे."

केशवरावांनी मुकाट्याने पाय उचलला. तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी गोपीचंदांच्या खांद्याचा आधार घेतला.

"सगळ्यायनं आयकलं नं?" दादाजींनी विचारलं. "पोरगी कोनाची?"

"केशवरावची!" गल्ली एका सुरात ओरडली.

"म्हंजे... मी तं हो सांगायलेच निघालो होतो," केशवराव घाम पुसत म्हणाले. मग नव्या व्याह्यांच्या कानाशी लागून पुटपुटले, "लोकं तुमाले भोळं म्हनते इवाई. नुसता मांडव टाकून माह्या तोंडून हो काढलं तुमी." गोपीचंद हसले. त्यांच्या मनात कोंब होता, पण त्या हसण्याचा केशवरावांनी जो काय अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि आता उशीर केला तर हा माणूस आणखी काय करील याच्या धास्तीने पहिलाच मुहूर्त धरला. "मांडव उभाच आहे, तं माघ कायले पाहाचा?"

डहाळ्या वाळल्या होत्या, त्या केशवरावांनी खाचरभर ताज्या पाठवल्या. लग्न भुंड्या खुंटांच्या मधोमध थाटात लागलं. लेकीच्या वेणीत माळायला अंगणात एक फूल नव्हतं. ते चंद्रभागाबाईंच्या कधीच न छाटलेल्या, वेड्यावाकड्या गुलाबाचं आणलं. गोपीचंद पाठवणीला पोरासारखे रडले. संक्रांतीला रुखमा आणि इश्वर आले, तेव्हा बाग खरोखरच फुलली होती, पण त्या दोघांना बागेकडे बघायला सवड नव्हती.

पुढल्या कार्तिकात गोपीचंद धुक्यातून दुकानाकडे निघाले आणि जागच्या जागी उभे राहिले. गल्लीत चार-पाच अंगणांत झाडं छाटलेली होती. जास्वंदी, मेंद्या, कुठे कुठे तर लिंबूही. प्रत्येक ठिकाणी बांबू रोवून वर जांभळीच्या डहाळ्या. रेडिओवरच्या गृहस्थांचं म्हणणं गावाला पटलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. त्या सगळ्या घरांत लग्नाच्या मुली आहेत, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दादाजी त्यांची वाटच बघत होते. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज बारीक केला.

"गोपीचंद, नातीसाठी इचारतो. कोन्या बाजूनं टाकू?"

"सकाळचं ऊन येऊ द्या दादाजी," गोपीचंद मनापासून म्हणाले. "दुपारचं तेवढं अडवा. अन घाई करू नका, फुटाले वेळ लागते."

दादाजींनी डोळे मिटून ते तीनदा घोकलं आणि काठी टेकत लगबगीने घरी गेले. काय सांगावं, त्यांच्या नातीला त्याच आठवड्यात साकोलीचं स्थळ आलं.