परबकाका आणि आमचं छत

आमच्या वरच्या मजल्यावरचे परबकाका आमच्याकडे आले की खुर्चीवर बसत नाहीत, आडवे होतात. "काय रे महेश, सवड आसा मां?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता ते बेडरूममध्ये जातात आणि आमच्या पलंगावर उताणे पडतात. मग दहा मिनिटं छताकडे बघत राहतात. पहिल्यांदा मला वाटलं चक्कर आली. मी धावत पाणी आणलं. काका म्हणाले, "पाणी ठेव थंय. लाईट लाव."

झालं होतं असं की काकांना त्यांच्या बेडरूमला मोल्डिंग लावायचं होतं. भिंत आणि छत मिळतात तिथे चारी बाजूंनी फिरवतात ती नक्षीची पट्टी. ती स्वतः लावायची की कारागिराकडून लावून घ्यायची, एवढंच ठरवायचं बाकी होतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत चार महिन्यांत लोक मुलीचं लग्न ठरवून, उरकून, पाचपरतावणही करून मोकळे होतात. काकांचं ठरत नव्हतं. जरा घाई करा म्हटलं की एकच उत्तर, "घाई कित्याक?"

यात आमचा पलंग का, तर आमची खोली त्यांच्या बरोबर खाली, प्लॅन एकच. आणि वर काकू अंथरुणाला खिळलेल्या. जानेवारीत बाथरूममध्ये पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तरी त्या उठल्या नाहीत. त्यांच्या डोक्यावर स्टूल मांडून खटखट नको, म्हणून मापं आमच्याकडे. हे कारण ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? दर रविवारी टेप, पेन्सिल आणि वही घेऊन काका हजर.

काका भांडुपच्या एका कंपनीत तयार मालाची मापं तपासायला होते. निवृत्त झाल्यावर माल राहिला नाही, म्हणून लोकांची घरं तपासतात. आमच्या सत्यनारायणाला तीर्थ घेऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून सुताराचा गुण्या काढला, हॉलच्या कोपऱ्याला लावला आणि भटजींच्या देखत जाहीर केलं की हा कोपरा काटकोनात नाही. भटजी बिचारे सरकून बसले. "बिल्डरचो नकाशो खोटा बोलता," काका सगळ्यांना सांगत होते, "भिंतीक इचारूक होया."

वहीत दोन रकाने होते. 'स्वतः' या रकान्यात लिहिलं होतं: धूळ कमी, सावकाश करता येईल, चुकल्यास बोल लावायला कोणी नाही. 'कारागीर'मध्ये: लवकर होईल, चुकल्यास ओरडता येईल. दर रविवारी पलंगावर पडल्या पडल्या एखादी ओळ वाढायची. मध्ये एक कारागीर येऊनही गेला. तो म्हणाला, दोन दिवस खोली रिकामी करून द्या. काकांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. आणि खाली येऊन मला म्हणाले, "खोली रिकामी करा म्हणता. शाणो."

"त्यांना काही लावायचंबिवायचं नाहीये," माझी बायको स्वाती म्हणाली. "त्यांना आपला पलंग आवडलाय. देऊन टाक ना एकदाचा."

मग काकांनी गोंदाची परीक्षा काढली. थर्माकोलसारख्या हलक्या पट्टीचा दोन फुटांचा तुकडा त्यांनी आमच्या छताला, अगदी माझ्या उशीच्या वर चिकटवला. चार रविवार टिकला तर पास. मी हो म्हटलं, हा माझा मूर्खपणा. तिसऱ्या आठवड्यात दुपारी गाढ झोपलो असताना पट्टी नाकावर आली. वजन काही नव्हतं, पण झोपेत नाकावर काहीही पडलं की माणूस छतच कोसळलं असं समजून उठतो.

काका खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "नाकावर? काठ लागलो की सपाट बाजू? डोळो वाचलो ना? किती दुखला?" हे सगळं विचारत ते वहीत लिहून घेत होते. तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, बस झालं. कारागीर बोलवा नाहीतर नाद सोडा. आमच्या घरात आता एक माप घ्यायचं नाही."

काकांनी वही मिटली. घाई कित्याक वगैरे काही न म्हणता वर गेले.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. टेप आमच्या खिडकीतच राहिली होती. येता-जाता ती दिसायची आणि मला बरं वाटत नव्हतं. शेवटी तेवढं निमित्त करून वर गेलो.

"ये रे," काकू पलंगावरूनच म्हणाल्या. "बस नंतर. आधी वर बघ."

मोल्डिंग लागलं होतं. सांध्यासांध्यांत पुट्टीचे जाड लेप होते.

"सगळी मापं तुझ्या खोलीची घेतली," काकू हसू आवरत म्हणाल्या. "आमची खोली दोन बोटं मोठी निघाली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या ह्यांनी."

काका जमिनीकडे बघत होते. "गोंद आसा, वर स्क्रूपण मारलंय," ते म्हणाले. "पडूचा नाय."

"पलंग इकडून तिकडे सरकवायचे, मी झोपलेलीच," काकू सांगत होत्या. "दर पाच मिनिटांनी डोळ्यांत काय गेलं नाही ना, हेच. मी आपली एकदाच बोलले होते, की दिवसभर ती कोपऱ्यातली फट बघून कंटाळा येतो. एकदाच."

तेव्हा मला ते आमच्या पलंगावर आडवं होणं कळलं. मला माझ्या नाकाची लाज वाटली.

मी छत बघत राहिलो. पट्टी तीनच भिंतींना होती. काकूंच्या उशामागची चौथी भिंत कोरी.

"ही राहिली?" मी विचारलं.

काकांनी वाकून पलंगाखालून जुन्या चादरीत गुंडाळलेली पट्टी अर्धी बाहेर काढून दाखवली. "ती तिका झोपून दिसणा नाय. उठून बसली, मागे वळली की दिसतली. तेव्हा लावू."

"अहो, परवा डॉक्टर काय बोलले," काकू हळूच म्हणाल्या, "आता बसणं काही..."

"घाई कित्याक?" काका म्हणाले आणि पट्टी परत आत सरकवली.

मी टेप त्यांच्या हातात दिली. "काका, ह्या भिंतीचं माप कुठलं? आमच्याकडचंच ना?"

आम्ही दोघांनी मिळून पलंग हातभर पुढे ओढला. मी स्टूल धरलं, काका चढले, टेपचं एक टोक मला दिलं. आकडा त्यांनी दोनदा वाचला.

पलंगावरून काकू विचारत होत्या, "अहो, किती भरली?"