ढेकळांवरची आगबोट

आर्णीच्या मोटार स्टँडवर कोणी गाठोडं घेऊन उभं दिसलं, की डोमाजी काकाजी त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारायचे, "बोट लागते का तुले?" तो माणूस बहुधा दारव्ह्याच्या बाजाराला निघालेला असायचा. त्याच्या अख्ख्या खानदानात कोणी बोट पाहिलेली नसायची. काकाजींना त्याचं काय? "लागत असन तर खालचा मजला धरजो, मधोमध. टोकाले बसला का मेला." मग मोटार यायची, तिला मजला एकच असायचा, आणि तो बिचारा खरोखरच मधल्या बाकाकडे धावायचा.

विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी शाळेत मास्तर होतो. काकाजी आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे आणि जिनिंगमध्ये यंत्रांना तेलपाणी करायचे. नात्याने ते आमचे कोणी नव्हते, पण आईला वयनी म्हणायचे आणि सणावाराला आमच्याकडेच जेवायचे. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेच्या खेचरांबरोबर जहाजाने बसऱ्याला गेले होते. एकदा जाणं आणि एकदा येणं, एवढाच काय तो प्रवास. त्या एवढ्याशा भांडवलावर हा माणूस बारा वर्षं साऱ्या गावाला समुद्रावर कसं वागायचं ते शिकवत होता.

आणि तेही कुठे! लग्नाच्या पंगतीत हे दाराजवळची जागा धरायचे आणि नवरदेवाला सांगायचे, "कप्तानाशी दोस्ती करू नको बाप्पा, भटाऱ्याशी कर. कप्तान सलाम घेते, भटारी जेवू घालते." वऱ्हाडातली माणसं माना डोलवायची. कोणी नवं घर बांधायला काढलं तर हे पायावर उभे राहून विचारायचे, "रात्री डोळे मिटून अंगणात येता येईन का? जहाजावर पहिलं काम तेच. वर जायचा रस्ता डोळे मिटून पाठ करायचा." आमच्या हेडमास्तरांनी तर खरंच डोळे मिटून घराची पायरी पाठ करायला घेतली आणि पाय मुरगळून आठ दिवस शाळेत आले नाहीत. मला मनापासून चीड यायची. जिथे अरुणावती नदीत उन्हाळ्यात म्हशीला बसायला पाणी मिळत नाही, तिथे ही कसली बाष्कळ बडबड?

पण माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न झालं आणि चित्र पालटलं. तिचा नवरा मोंबासाला कारकून होता. लग्न करून तो पुढे गेला, सहा महिन्यांनी तिचे कागद आले, जहाजाचं तिकीट आलं. बरोबर कोणी नाही, दहा-बारा दिवसांचा प्रवास एकटीने करायचा. आणि आमच्या कुसुमला मोटार लागायची. आर्णीहून यवतमाळ गाठेपर्यंत तिला चारदा ओकारी व्हायची. तिने ट्रंक भरली, पुन्हा उपसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मी नाही जात." नवऱ्याला पुढची रजा चार वर्षांनी मिळणार होती. आता नाही गेली तर पोरीचा संसार मांडायचाच राहणार, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आईने तर अन्न टाकलं.

काकाजी आले, तिच्यासमोर उकिडवे बसले. "भेव लागते का?"

"हाव, काकाजी."

"कायचं?"

"ओकून ओकून मरीन मी."

"मग आपण आधी इथंच ओकून घेऊ," काकाजी म्हणाले आणि उठून बैलबंडी आणायला गेले.

आमचं वावर नुकतंच नांगरलं होतं. काळ्या मातीची डोक्याएवढी ढेकळं उताणी पडलेली. काकाजींनी बंडीच्या कडांना बांबूच्या तट्ट्या बांधल्या, खडूने आत चौकोन आखले, बैलांच्या गळ्यातली एक घंटा सोडून हातात घेतली आणि कुसुमला मधल्या चौकोनात बसवलं. मग बंडी सरळ ढेकळांवर घातली. रस्त्याने नाही, नांगराच्या तासांच्या आडवी. कुसुम पहिल्या दिवशी तीनदा ओकली. काकाजी मागे वळून ओरडायचे, "खाली पाहू नको. दूर पाह्य, जिथं आभाळ टेकते तिथं. निजू नको, निजला तो गेला. फुटाणे खाय." जहाजावर पाण्याकडे बघू नये म्हणे. इथे धुळीकडे बघितलं तरी चालत नव्हतं.

गावात हे कळल्यावर व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तीन बाया शिदोरी बांधून हजर. चौथ्या दिवशी बंडीत सात उतारू झाले आणि पुढच्या चौकोनावरून भांडणं लागली. काकाजींनी एकेकीला विचारून जागा दिल्या. जिला कंबरदुखी तिला मधे, जिला बोलायची खोड तिला काठाला. "वाऱ्यासंगं बोल म्हणा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. चाक एकदा ढेकळांत रुतलं तर त्यांनी घंटा वाजवली आणि जाहीर केलं, "बंदर आलं. उतरा, पाय मोकळे करा. पण घंटेच्या आधी परत या, जहाज कोणासाठी थांबत नाही." आमची कौसल्या आत्या बोरीखाली बोरं खात बसली. चाक निघालं, घंटा झाली, आणि या माणसाने म्हातारीला खरोखर तिथेच सोडून बंडी हाकली. आत्या दीड कोस चालत घरी आली आणि पुढे महिनाभर काकाजींच्या सावलीला उभी राहिली नाही. मी जाब विचारायला गेलो तर मलाच म्हणाले, "बसऱ्याले सुटली असती तर काय केलं असतं तिनं?"



पण सहाव्या दिवशी, बंडी सगळ्यात वाईट धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उलटता उलटता राहिली, तेव्हा आमच्या कुसुमने ठेच्याशी अर्धी भाकर खाल्ली. खाल्ली आणि हसली. घरी येऊन तिने ट्रंक पुन्हा भरली. आई त्या दिवशी जेवली. काकाजींसाठी आईने पुरण घातलं, आणि मी, इतकी वर्षं त्यांच्यावर करवादणारा मी, त्यांच्या पानात तूप वाढलं.

मुंबईला पोचवायला मी आणि काकाजी गेलो. धामणगावला गाडीत बसलो. दुपारी बडनेऱ्याच्या पुढे कुसुमला डुलकी लागली, तेव्हा मी न राहवून म्हणालो, "काकाजी, बंडीची सवय जहाजावर खरंच कामी येईल ना?"

"नाई," काकाजी म्हणाले. "बंडीचा गचका अलग, समुद्राचा हेलकावा अलग. काही संबंध नाई."

मी त्यांच्याकडे वळलो. "मग हे सगळं कायले केलं?"

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. "मी गेलतो तवा वीस वर्षांचा होतो. कोणी काही सांगतलं नव्हतं. सात दिवस खाली खेचरांच्या बाजूले पडून होतो, ओकत होतो अन् रडत होतो. मले वाटे, मेलो आपण. आठव्या दिवशी एक म्हातारा भटारी आला, मले उचलून वर घेऊन गेला, म्हणे दूर पाह्य. झालं. इतकुसंच होतं सारं." मग म्हणाले, "तवाच ठरवलं, आपल्या मुलखातून कोणी निघालं तर त्याले पहिल्याच दिवशी सांगून ठेवाचं. कोण निघन ते काय ठाऊक? म्हणून मंग सगळ्याइलेच सांगत होतो."

मला माझी लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलूनही दाखवली. "जाऊ दे लेका," एवढंच ते म्हणाले.

जहाजावर पोचवणाऱ्यांना घंटा होईपर्यंत जाता येत होतं. काकाजींनी आधी एका पांढऱ्या कपड्यांतल्या साहेबाला गाठलं. "साब, पोरी का बिस्तर बीच में करो." बीचमेंच आहे, साहेब म्हणाला. काकाजींचा विश्वास बसेना. त्यांनी दोन्ही टोकांकडून लोकांना बाजूला सारत पावलं मोजली आणि सतरा पावलांचा फरक काढला. साहेबाने हात जोडले. मग ते कुसुमच्या बर्थवर स्वतः आडवे होऊन हलून बघायला लागले, तशी वरच्या बर्थवरची बाई किंचाळली. कुसुम लाजेने लाल झाली होती, तरी हसत होती.

आणि मग पोचवणाऱ्यांनी उतरायची घंटा झाली.  कुसुम काकाजींच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी म्हणाले, "जेवत जाय, माय." मी दंडाला धरून त्यांना खाली आणलं.

जहाज सुटलं. कठड्याशी कुसुमचं हिरवं लुगडं दिसत होतं, मग नुसता हिरवा ठिपका, मग तोही नाही. माणसं पांगली. काकाजी हललेच नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "मी दोन्ही खेपेले जहाजावर होतो. इथून ते कसं दिसते, हे मी कधी पाह्यलंच नव्हतं." त्यांनी पाण्याकडे हात केला. "जाणाऱ्यानं काय काय कराचं, ते सारं मले ठाऊक आहे. पण मांगं राह्यला त्यानं काय कराचं गा?"

 आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो, झाडूवाला येऊन सरका म्हणेपर्यंत.