म्हाळूजीबावांची दवंडी ऐकू न आल्याची हकीकत

श्री. जिच्या कृपेने मुके बोलू लागतात आणि बोलके वेळेवर गप्प होतात, त्या वाग्देवीस दंडवत घालून हकीकत लिहितो ती ऐसी. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी राज्यात धुके फार दाटले, आणि त्या धुक्यात प्रधानजींच्या चित्ती न्यायाची सुधारणा करावी ऐसे आले. आजवर तंटा कोणाचाही असो, पंच चावडीच्या ओट्यावर उघड्यावर बसत, आणि येणारा जाणारा उभा राहून निवाडा ऐके. नव्या कानूने पंचांनी वाड्यात, दार लावून, प्रधानजींच्या मर्जीने बसावे ऐसे ठरले. मात्र राज्याची जुनी चाल ऐसी, की कानूची दवंडी चौकात द्यावी आणि रयतेतून कोणी "ऐकिले" म्हणावे, तेव्हाच तो लागू व्हावा. "ऐकू आले नाही" म्हटल्यास दवंडी फिरून द्यावी. आता खरे सांगावे तर रयतेस ऐकावयास फुरसत कोठची! वीस वर्षे दवंडीवाले म्हाळूजीबावा रिकाम्या चौकात ओरडत, आणि मागून त्यांची बायको ठकूबाई काखेत भाकरीचे गाठोडे घेऊन "ऐकिले" म्हणून टाकी, आणि मग दोघे जेवावयास बसत. ऐसे राज्यातील यच्चयावत् कायदे त्या बाईच्या एका शब्दावर लागू जाहले होते.

म्हाळूजीबावांस आपल्या आवाजाचा मोठा अभिमान. तीन कोसांवरची गुरे माना वळवितात म्हणोन सांगत. त्या दिवशी चौकात येऊन पाहतात तो धुक्यातून माणसेच माणसे. कोष्टी, तांबट, कासारणी, लेकुरवाळ्या, नव्या कानूची कुणकुण लागून सगळा मुलूख रस्त्यांत लोटला, आणि कोणी आरोळी दिली नाही, दगड उचलिला नाही, स्वप्नात उभे असावे तैसे उभे. बावांचा जीव सुखावला. वीस वर्षांत प्रथमच ऐकणारे! मग त्यांनी डफावर थाप मारिली आणि अवघा कानू खणखणीत सांगितला, आणि सवयीने मागे पाहिले. ठकूबाईने लोकांकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "धनी, काही ऐकू आले नाही." मग हजारो तोंडे हळूच म्हणाली, "ऐकू आले नाही."

प्रधानजी वाड्याच्या सज्ज्यातून गरजले, "पुन्हा सांग! नाहीतर वतन जप्त करीन!" मग बावांनी पुन्हा सांगितले, आणि पुन्हा सांगितले, आणि तीन दिवस सांगत राहिले, आणि लोक तेथेच जेवले, तेथेच डुलक्या घेतल्या, आणि दर वेळी तेच हळू उत्तर आले. तिसरे दिवशी बावांच्या गळ्यातून नुसती हवा निघू लागली. दुसरा दवंडीवाला आणावा, तर वतन वंशपरंपरेचे, जप्त केले तरी दुसऱ्या घराण्यास देता येत नसे, आणि बावांस मूलबाळ नाही. प्रधानजींनी हात चोळले आणि कानूचा कागद दप्तरात बांधून टाकिला. लोक धुक्यात आले तैसे धुक्यात गेले. बावा मात्र डफ मांडीवर घेऊन बसले, आणि डोळ्यांस पाणी आले, आणि नुसत्या श्वासाने पुसले, "ठके, खरंच नाही गं पोचला आवाज?" ठकूबाईने त्यांस हात धरून उठविले, चौकाबाहेर बोळात नेले, कोणी नाही ऐसे पाहिले आणि कानाशी लागून म्हणाली, "पहिल्याच हाकेला पोचला, धनी. अक्षर न् अक्षर. म्हणून तर."

तात्पर्य, पंच अद्याप ओट्यावर बसतात. प्रधानजींनी रागाने वतन जप्त केले, बावांचा आवाजही फिरून आला नाही. पण बायकोचे बोलणे ऐकून ते जे हसले, ते आवाजावाचूनच हसले, आणि बोळात बराच वेळ हसत राहिले.