घसरगुंडीखालची सरकी

“पुण्याचा इंजिनेर आणा नाईतर दिल्लीचा, असं मैदान त्याच्या बापाले जमणार नाई!” खुशालराव पानठेल्यावर म्हणाले आणि त्यांनी सुपारी अशी कडकन फोडली की ठेलेवाल्यानं दचकून चुना स्वतःच्याच बोटाला लावला!

प्रकरण होतं अकोल्याच्या श्रमसाफल्य कॉलनीतल्या बारक्या लेकरांच्या मैदानाचं. मागच्या वर्षी घसरगुंडीवरून पडून एका पोराची हनुवटी फुटली, आणि कॉलनी समितीच्या अध्यक्ष प्रियदर्शनीताईंनी गेटला कुलूप ठोकलं. ताई नर्स. रक्ताला भीत नाहीत, पण ते आपल्या कॉलनीत सांडलेलं त्यांना खपत नाही. तेव्हापासून दोन-तीन वर्षांची लेकरं रस्त्यावर ऑटोंच्या मधूनमधून पकडापकडी खेळायची. त्यात सगळ्यात पुढे खुशालरावांची नात बिट्टी! बाहेर हॉर्न वाजला की घरात खुशालराव हातातला घास टाकून दाराकडे धावायचे.

बरीच विनवणी केल्यावर ताई पाघळल्या. “बरं, करा दुरुस्ती, खुशालभाऊ. तान्ह्या पोळ्याले उद्घाटन करू. पण त्या दिवशी एक जरी लेकरू पडून रडलं ना, तर कुलूप लावीन अन् चाबी मोर्णा नदीत फेकीन!”

झोपाळे दुरुस्त झाले, घसरगुंडी पिवळीजर्द झाली. प्रश्न उरला, तिच्याखाली टाकायचं काय? आपली काळी माती पावसात चिखल आणि उन्हात दगड. मागे रेती टाकली, तर ती मांजरांनी सरकारी योजनेत मिळाल्यासारखी ताब्यात घेतली. रबराचा विचार झाला, पण आपल्या मे महिन्यात त्यावर लेकरं भाकरीसारखी फुगली असती!

खुशालरावांची सगळी नोकरी अकोटच्या जिनिंगमध्ये गेलेली. ते जेवता जेवता ओरडले, “सरकी!”

कापसातून रुई निघाली की मागं उरतं ते बी म्हणजे सरकी. अंगावर मऊ लव, ढीग केला की डनलप!

“लहानपणी आमी सरकीच्या ढिगात उड्या मारो! गादी काय घेऊन बसली? गादीची माय हाये ते!”

“अवो, पण सरकी तं ढोरं खातात ना!” गोदाबाई म्हणाल्या.

“आपल्या कॉलनीत ढोरं हायेत काय?”

गोदाबाईंनी नवऱ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि वरण वाढलं.

भाचा मनोज यानं अकोटहून टेम्पोभर सरकी पाठवली. घसरगुंडीखाली गुडघाभर थर बसला. खुशालरावांनी शर्ट खोचून स्वतः उडी मारून पाहिली. इतकं मऊ लागलं की उठायचं मनच होईना! मैदान कसं चोख झालं. फक्त गेट तेवढं गंजलं होतं, म्हणून ते काढून रंगाऱ्याकडे पाठवलं.

“उद्घाटन झाल्यावर संध्याकाळी आणून बसवतो, काका,” रंगारी म्हणाला.

“आण ना बापा! गेटावाचून काय अडून राह्यलं?”

पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे लेकरांचा तान्हा पोळा. लेकरं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत आली. कोणाच्या बैलाला बेगड, कोणाच्या बैलाला आईची टिकली. गेटाच्या जागी लाल फीत आणि झेंडूची माळ. कात्री धरून पुंजाराम गुरुजी भाषणाला उभे राहिले. गुरुजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते थांबायचं कोणी सांगितलं तरी थांबत नाहीत.

“बालपण म्हणजे...” ते बोलतात न बोलतात तोच मागच्या रस्त्यानं ओमप्रकाश गवळ्याच्या म्हशी निघाल्या. रोज मान खाली घालून जाणाऱ्या त्या साध्वी! आज सगळ्यांची नाकं एकदम वर झाली आणि तशाच त्या मैदानाकडे वळल्या. पहिलीनं झेंडू खाल्ला. दुसरीनं फीत खाल्ली. गुरुजींनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि ते म्हणाले, “असो. उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो!” लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

“ओमप्रकाश! आवर तुह्या म्हशी!” खुशालराव किंचाळले.

“कशा आवरू काका? काल बैलाइले पुरणपोळ्या चारल्या सगळ्याइनं. म्हशीले कोणी इचारलं काय? तुमीच एक देवमाणूस निघाले!”

म्हशी सरकीत तोंड खुपसून उभ्या राहिल्या. प्रियदर्शनीताईंनी पर्समधून कुलूप काढलं. “झालं, खुशालभाऊ. लावतो मी हे.”

त्या तरातरा गेल्या. खांबाजवळ थांबल्या. इकडचा खांब पाहिला, तिकडचा पाहिला.

“गेट कुठं हाये?”

“रंगाले गेलं,” खुशालराव पुटपुटले.

तेवढ्यात उंचावरून आवाज आला, “आबाऽऽ, आली मी!”

घसरगुंडीच्या टोकाला बिट्टी! आणि खाली सगळ्यात मोठी म्हैस आडवी उभी.

“थांब!” अख्खी कॉलनी ओरडली. तीन वर्षांच्या पोरीला ‘थांब’ म्हणणं म्हणजे हिरवा झेंडा दाखवणं. बिट्टी सुटली! सूंऽऽ करत आली, म्हशीच्या पोटावर थप्पकन आदळली, चेंडूसारखी उडाली आणि उताणी सरकीत पडली. म्हशीनं मानही वर केली नाही.

केसात सरकी, कानात सरकी. कॉलनी तिच्या इवल्याशा तोंडाकडे बघत राहिली. तोंड हळूहळू वाकडं झालं... मोठं झालं... ताईंनी डोळे मिटले. खुशालरावांनी कानांवर हात ठेवले.

“आँऽऽक्छी!” बिट्टी शिंकली. आणि म्हणाली, “आबा, अजून!”

खुशालराव होते तिथंच फतकल मारून बसले. ताईंनी धावत येऊन पोरीचे हात, पाय, हनुवटी तपासली. साधा ओरखडासुद्धा नाही!

“रडली काय, ताई?”

“नाई रडली.”

“मंग?”

ताईंनी कुलूप पर्समध्ये टाकलं. हसू आवरेना त्यांना! “मैदान चालू राहील, भाऊ. पण हे सरकी उचला अन् जाळी लावून रेती टाका. मांजराइचं मी पाहून घेतो.”

खुशालरावांना एवढं हलकं वाटलं की त्यांनी ओमप्रकाशलाच मिठी मारली. इकडे लेकरांनी लाकडी बैल टाकून घसरगुंडीपुढे रांग लावली, आणि म्हैस हलली की रडू अशी धमकीही दिली. ओमप्रकाशला तासभर थांबावं लागलं.

संध्याकाळी गेट बसलं. सरकी फावड्यानं उचलली. म्हशींच्या खुरांखाली मातीत गेली तेवढी मात्र राहिली. रेतीचा ट्रॅक्टर यायच्या आधी दोन दिवस पावसाची झड लागली.

पुढच्या आठवड्यात घसरगुंडीपासून झोपाळ्यापर्यंत कपाशी निघाली. उगवण चांगली होती.