आसिया जाईल ती शाळा

मैनाला नगरपालिकेच्या मराठी शाळेत घालायचं, हे गंगाराम भाटकरांनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. स्वतः ते तिथंच शिकून सरकारी कचेरीत क्लार्क झाले होते. (त्यापुढे माणसाला आणखी काय व्हायचं असतं, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता.) पण अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडचा शेजारी वजीर कुवेतहून रजेवर आला आणि यमुनाबाईंची झोप उडाली.

"त्यांची आसियापण यंदा पहिलीत जाणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कुवेतवाले ते, इंग्रजी शाळेतच घालणार. उद्या ती फाडफाड इंग्रजी बोलेल आणि आपली मैना गडग्याशी उभी राहून नुसती ऐकेल. मला नाही बघवायचं ते."

"वजीरला विचारू का?"

"काही नको. त्यांना वाटेल, आपण त्यांचं बघून करतोय."

बघूनच करायचं होतं, फक्त तसं दिसायला नको होतं. भाटकरांना ते पटलं. दोघी पोरी दिवसभर गडग्यावर बसून एकमेकींच्या वेण्या घालायच्या, त्यांची ताटातूट त्यांनाही नको होती. शिवाय आपण पाऊल टाकलं की सगळी आळी मागून येते, असा त्यांचा एक गोड समज होता.

इंग्रजी शाळेच्या मुलाखतीत मॅडमनी त्यांना इंग्रजीत चार-दोन प्रश्न विचारले. भाटकरांनी सगळ्यांना ठामपणे 'यस मॅडम' म्हटलं. (त्यातला एक प्रश्न मुलीला घरी मारता का, असा होता.) मॅडमना मैनाची दया आली असावी, प्रवेश मिळाला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मैना बूट-टाय चढवून अंगणात उभी राहिली. पलीकडून वजीर आसियाला घेऊन निघाला. तिच्या पायांत साध्या चपला आणि पिशवीत पाटी.

"हे काय, वजीरभाई?" भाटकरांचा आवाज खोल गेला.

"तुमचीच शाळा, भाऊसाहेब," वजीर कौतुकाने म्हणाला आणि मैनाचा टाय बघून गडबडला. "आम्ही धरून चाललो, मैना तिथंच जाणार. माझी बायको हमिदा म्हणाली, शिकलेली माणसं घालतील तिथं घालूया. मी इंग्रजी बोलून तिकडे उन्हात एसी दुरुस्त करतो. तुम्ही मराठी शिकून पंख्याखाली बसता."

"मग विचारलंत का नाही?"

"तुम्हाला वाटलं असतं, तुमचं बघून करतोय."

मैनाने तिथंच भोकाड पसरलं. पुढे आठवडाभर तिने शाळेत तोंड उघडलं नाही आणि घरी मिटलं नाही. भाटकरांना रोज सकाळी तिचे बूट बांधताना भरून यायचं. शेवटी यमुनाबाईच म्हणाल्या, "जळलं ते इंग्रजी. पोर सुकली माझी. आसियाजवळ नेऊन बसवा तिला."

भाटकर दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या शाळेत हेडमास्तरांपुढे हजर झाले.

"कुठे बसवू?" हेडमास्तर म्हणाले. "बस्करपट्टीवर मुंगी शिरायला जागा नाही. कुवेतवाल्यांनी मुलगी इथं घातली म्हटल्यावर तुमच्या आळीनं झाडून सगळी पोरं इथं आणली."

"पण मी या शाळेचा विद्यार्थी. शिवाय सरकारी नोकर," भाटकर कळवळून म्हणाले.

"ते ठीक आहे हो," हेडमास्तरांनाही वाईट वाटलं. त्यांनी जरा विचार केला आणि आवाज खाली आणला. "असं करा. वजीरशेठशी तुमची काही ओळख आहे का?"